दोन चकत्या, तीन पट्ट्या: गाठीचं पृष्ठ कसं बांधायचं आणि कसं वाचायचं

गाठींच्या सिद्धांतात गाठ म्हणजे दोन्ही टोकं जोडलेला बंद दोरा. तो ताणता येतो, हलवता येतो, पण कापता येत नाही आणि स्वतःतून आरपार नेता येत नाही. नुसत्या दोऱ्याकडे बघून गाठ सुटेल की नाही ते कळत नाही, कारण दोरा म्हणून प्रत्येक गाठ हे एक वर्तुळच असतं. फरक असतो तो दोऱ्याभोवतीच्या त्रिमितीय जागेत. ती जागा वाचायची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे तिच्यात असं एक पृष्ठ बसवायचं, ज्याची कड नेमकी आपली गाठ असेल. हे पृष्ठ एकसंध हवं आणि त्याला दोन वेगळ्या बाजू हव्यात. असं पृष्ठ प्रत्येक गाठीला मिळतं, हे फ्रँकल आणि पोंत्र्यागिन यांनी १९३० मध्ये दाखवलं. १९३४ मध्ये हर्बर्ट झायफर्ट यांनी ते कुठल्याही आकृतीवरून बांधायची सोपी कृती दिली, म्हणून त्याला झायफर्ट पृष्ठ म्हणतात.

नवख्या माणसाने सुरुवातीला पुस्तकातल्या शेकडो गाठींच्या मागे लागू नये. दोन चकत्या आणि त्यांना जोडणाऱ्या तीन पिळलेल्या पट्ट्या एवढ्यावर या विषयातल्या जवळजवळ सगळ्या मूळ कल्पना हाताने करून बघता येतात. हा लेख त्याच एका रचनेवर चालतो.

सामान

एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळा असा कागद घ्या. नसेल तर साधा कागद दोन्हीकडून रंगवा. १० सेंमी व्यासाच्या दोन चकत्या कापा. एका अर्ध्या पिळासाठी २ सेंमी रुंद आणि १२ सेंमी लांब पट्टी पुरते. दोन्ही टोकांना एकेक सेंमी चिकटवण्यात जातो. पाच-सात अर्धे पीळ द्यायचे असतील तर पट्टी १ सेंमी रुंद आणि किमान २५ सेंमी लांब घ्या, नाहीतर कागद चुरगळतो आणि पीळ मोजता येत नाहीत.

आकृतीवरून पृष्ठ

गाठीची आकृती काढा आणि दोऱ्यावर एकाच दिशेने बाण काढत जा. दिशा कुठलीही निवडली तरी चालते. उलटी घेतली तर सगळेच बाण उलटतात आणि पृष्ठ तेच राहतं. (दोन किंवा जास्त दोऱ्यांच्या साखळीत मात्र एकाच दोऱ्याची दिशा उलटली तर पृष्ठ बदलतं, म्हणून तिथे आधी दिशा ठरवून लिहून ठेवा.)

आता प्रत्येक क्रॉसिंग, म्हणजे एक दोरा दुसऱ्यावरून जातो ती जागा, खोडून तिथे दोरे असे जोडा की आत येणारा बाण शेजारच्या बाहेर जाणाऱ्या बाणाला मिळेल आणि कुठेही बाण बाणावर आदळणार नाही. सगळी क्रॉसिंग अशी सोडवली की एकमेकांना न छेदणारी काही बंद वर्तुळं उरतात. इथेच दोन तपासण्या करा, त्यांनी पुढचा बराच त्रास वाचतो. पहिली: प्रत्येक सोडवलेल्या क्रॉसिंगच्या दोन बाजू दोन वेगळ्या वर्तुळांत असायलाच हव्यात. दोन्ही एकाच वर्तुळात आल्या, तर कुठेतरी बाणाविरुद्ध जोडणी झाली आहे. दुसरी: गाठ एकाच दोऱ्याची असेल तर क्रॉसिंगच्या संख्येतून वर्तुळांची संख्या वजा केल्यावर विषम संख्याच येते.

प्रत्येक वर्तुळाला एक चकती लावा. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या वर्तुळाची चकती लाल बाजू वर, घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्याची निळी बाजू वर. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ असेल तर आतली चकती थोडी उंच धरायची. मग जिथे जिथे क्रॉसिंग होतं तिथे अर्धा पीळ दिलेली पट्टी लावायची. पिळाची बाजू क्रॉसिंगवर अवलंबून असते: वरून जाणारा दोरा आणि पट्टीची वरची कड जुळली पाहिजे. रंग बरोबर जुळत गेले, म्हणजे लालवरून बोट फिरवत कड न ओलांडता कधीच निळ्यावर पोहोचत नसाल, तर पृष्ठ नीट झालं आहे.

ट्रेफॉइल, म्हणजे तीन क्रॉसिंगची सगळ्यात साधी गाठ, आपल्या रचनेत अशी दिसते: एक चकती वर, एक खाली, मध्ये शेजारी शेजारी तीन पट्ट्या, प्रत्येकीत एकाच बाजूचा एकेक अर्धा पीळ. कडेवरून बोट फिरवा. एकदाही न उचलता सगळी कड पूर्ण होते आणि तीच ट्रेफॉइल आहे.

इथे नवखे हमखास फसतात. ट्रेफॉइलच्या नेहमीच्या आकृतीत बाहेरच्या तीन पाकळ्या रंगवल्या तरी एक पृष्ठ मिळतं आणि त्याचीही कड ट्रेफॉइलच असते. पण ती तीन अर्ध्या पिळांची मोबियस पट्टी आहे. तिला एकच बाजू असते, लाल-निळा रंग टिकत नाही, आणि पुढचं एकही गणित तिच्यावर चालत नाही. आकृतीतले भाग एकाआड एक रंगवणं आणि झायफर्टची कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधीच त्यांचं उत्तर एक येतं.

जीनस मोजणं

एका दोऱ्याच्या गाठीसाठी पृष्ठाचा जीनस, म्हणजे त्याला किती हँडल आहेत, ते असं मिळतं: क्रॉसिंगमधून वर्तुळं वजा करा, १ मिळवा, २ ने भागा. ट्रेफॉइलला ३ क्रॉसिंग, २ वर्तुळं, म्हणून जीनस १. चार क्रॉसिंगच्या आठाच्या गाठीला ३ वर्तुळं, जीनस पुन्हा १. पाच अर्ध्या पिळांची दोनपदरी वेणी बंद केली तर ५ क्रॉसिंग आणि २ वर्तुळं, जीनस २.

हा आकडा आपण बांधलेल्या पृष्ठाचा आहे, गाठीचा नव्हे. गाठीचा जीनस म्हणजे तिच्या सगळ्या झायफर्ट पृष्ठांत सगळ्यात लहान जीनस. तो शून्य असेल तर पृष्ठ म्हणजे साधी चकती आणि गाठ सुटणारी. म्हणजे प्रत्येक आकृती आपल्याला फक्त वरची मर्यादा देते. आकृती विनाकारण गुंतागुंतीची असली तर पृष्ठही विनाकारण मोठं निघतं.

एकाआड एक वर-खाली जाणाऱ्या क्रॉसिंगच्या आकृतीत मात्र ही कृती नेहमी सगळ्यात लहान जीनसचंच पृष्ठ देते. मुरासुगी यांनी १९५८ मध्ये आणि क्रोवेल यांनी १९५९ मध्ये हे सिद्ध केलं. आपली आकृती तशी असेल तर इथेच काम संपतं. नसेल तर खालून मर्यादा घालणारं काहीतरी हवं.

मॅट्रिक्स

आता पट्ट्यांतले अर्धे पीळ डावीकडून प, फ, ब असे धरू. तिन्ही विषम, एका बाजूचे धन, उलट बाजूचे ऋण. ट्रेफॉइल म्हणजे (१, १, १). अशा गाठींना प्रेत्झेल गाठी म्हणतात. पट्टीत पाच अर्धे पीळ असले तर झायफर्टच्या कृतीत तिच्या मध्ये चार छोट्या चकत्या येतात, पण पृष्ठ तेच राहतं: दोन चकत्या, तीन पट्ट्या, जीनस १.

पृष्ठावर दोन फेरे काढा. पहिला डाव्या पट्टीतून खाली आणि मधल्या पट्टीतून वर. दुसरा उजव्या पट्टीतून खाली आणि मधल्या पट्टीतून वर. जीनस १ च्या पृष्ठाला दोनच फेरे पुरतात. मग प्रत्येक फेऱ्याची एक प्रत लाल बाजूकडे किंचित उचलून धरा आणि मूळ फेरा व उचललेली प्रत किती वेळा एकमेकांत गुंफले आहेत ते मोजा. हा लिंकिंग नंबर: जिथे एक दुसऱ्यावरून जातो तिथली चिन्हं मांडून बेरीज निम्मी करायची.

फेऱ्याचा स्वतःच्या प्रतीशी आकडा म्हणजे वाटेतल्या अर्ध्या पिळांच्या बेरजेचा निम्मा: (प+फ)/२ आणि (फ+ब)/२. वेगवेगळ्या फेऱ्यांमध्ये फक्त मधली पट्टी सामायिक आहे, म्हणून तिथे (फ+१)/२ आणि (फ−१)/२ येतं. हे चार आकडे दोन ओळी आणि दोन स्तंभांत मांडले की मॅट्रिक्स तयार होतं. या दोहोंत १ चा फरक असतो, कारण दोन फेरे पृष्ठावर एकदाच छेदतात. तो फरक १ आला नाही तर मोजणीत चूक आहे. पुढे जाऊ नका. प्रत निळ्या बाजूला उचलली तर ओळी आणि स्तंभ अदलाबदल होतात, बाकी काही बिघडत नाही. पण अर्धी मोजणी एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने केली तर सगळंच चुकतं, आणि ही चूक फार होते.

मॅट्रिक्समधून त्याच्याच परिवर्ताची (ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या मॅट्रिक्सची) ट पट वजा करून निश्चयक काढला की अलेक्झांडर बहुपदी मिळते. आपल्या रचनेत ती एका ओळीत लिहिता येते. ड = (पफ + फब + बप + १)/४ घ्या; बहुपदी आहे

डट² + (१ − २ड)ट + ड

(१, १, १) साठी ड = १, बहुपदी ट² − ट + १. (१, १, −३) साठी ड = −१, बहुपदी −ट² + ३ट − १; ही आठाची गाठ. (१, १, ३) साठी ड = २, बहुपदी २ट² − ३ट + २; ही पाच क्रॉसिंगची दुसरी गाठ. ट च्या घाताने गुणणं किंवा चिन्ह उलटणं इथे मोजत नाहीत, आणि ट च्या जागी १ ठेवल्यावर १ किंवा −१ आलंच पाहिजे.

बहुपदीच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान घातांतला फरक गाठीच्या जीनसच्या दुपटीपेक्षा जास्त असू शकत नाही. ही खालची मर्यादा. वरच्या तिन्ही उदाहरणांत फरक २ आहे, म्हणून जीनस किमान १. पृष्ठ जीनस १ चं हातात आहेच. दोन्ही मर्यादा जुळल्या की पृष्ठाहून लहान पृष्ठ शोधत बसायचं कारण उरत नाही.

मर्यादा जुळत नाहीत तेव्हा

ड शून्य आला की बहुपदी नुसती ट उरते, म्हणजे १ च्या बरोबरीची. मग गाठ सुटणारी असू शकते किंवा नसू शकते. दोन्ही उदाहरणं हातात घेऊन बघा.

पहिलं (१, −१, १): ट्रेफॉइलच्या मॉडेलमध्ये मधल्या पट्टीचा पीळ उलटा दिला तर हेच होतं. रंग जुळतात, कड एकच असते, जीनस १ येतो, सगळं ठीक दिसतं. पण कड ही सुटणारी गाठ आहे. दुसरं (−३, ५, ७): −१५ + ३५ − २१ = −१, म्हणून ड पुन्हा शून्य. मॅट्रिक्सच्या ओळी (१, ३) आणि (२, ६). निश्चयक ६(१−ट)² − (३−२ट)(२−३ट) सोडवला की ट च उरतो. ही गाठ मात्र सुटत नाही. बहुपदीला दोन्ही सारख्याच दिसतात.

फरक दिसतो तो पृष्ठ दाबता येतं का या प्रश्नात. पृष्ठावर एखादा असा फेरा असेल, जो पृष्ठावर चकतीची कड नाही, पण बाहेरच्या जागेत पृष्ठाला आणखी कुठे न शिवणाऱ्या चकतीची कड आहे, तर त्या फेऱ्यावर पृष्ठ कापायचं आणि दोन्ही कापलेल्या कडांना त्या चकतीची एकेक प्रत लावायची. जीनस एकाने कमी होतो. असा एकही फेरा नसेल तर पृष्ठ न दाबता येणारं. त्रिमितीय मॅनिफोल्डच्या, म्हणजे जवळून आपल्या जागेसारख्याच दिसणाऱ्या अवकाशांच्या, अभ्यासात अशाच पृष्ठांना किंमत आहे, कारण त्यांच्या बाजूने जागा कापली तर काही हरवत नाही.

हे कागदावर तपासता येतं. फेऱ्याची लाल बाजूला उचललेली प्रत घ्या आणि ती वाटेत कुठल्या फटीतून जाते ते लिहीत चला. डाव्या आणि मधल्या पट्टीमधल्या फटीतून समोरून मागे गेली तर क्ष, उलट गेली तर क्ष⁻¹. मधल्या आणि उजव्या पट्टीमधल्या फटीतून मागून समोर आली तर य, उलट गेली तर य⁻¹. सगळ्या रचनेच्या बाहेरून गेली तर काही लिहायचं नाही. लागून आलेले क्ष आणि क्ष⁻¹ एकमेकांना खोडतात, पण अक्षरांचा क्रम बदलायचा नाही. सगळी ताकद याच नियमात आहे.

(१, −१, १) मध्ये पहिल्या फेऱ्याचा शब्द क्ष क्ष⁻¹ येतो. सगळं खोडलं जातं, काहीच उरत नाही. तोच दाबण्याचा फेरा.

(−३, ५, ७) मध्ये डावी पट्टी क्ष⁻¹ देते, मधली पट्टी वर जाताना य क्ष य क्ष य, उजवी पट्टी खाली जाताना य³. म्हणून

पहिला फेरा: क्ष⁻¹ य क्ष य क्ष य
दुसरा फेरा: य⁴ क्ष य क्ष य

अक्षरांची नुसती बेरीज केली तर (१, ३) आणि (२, ६), म्हणजे मॅट्रिक्सच्याच ओळी. दुसरी पहिलीच्या दुप्पट, म्हणून बहुपदी आंधळी. पण शब्द म्हणून दुसरा पहिल्याचा वर्ग नाही: वर्गात १२ अक्षरं आहेत आणि तो क्ष⁻¹ ने सुरू होतो, दुसऱ्यात ८ आणि तो य ने. क्रम मोडायची मुभा नसलेल्या अशा शब्दांत दोन शब्दांची अदलाबदल चालायची तर ते दोन्ही एकाच शब्दाचे घात असावे लागतात. इथे तसं नाही, म्हणून या बाजूला पृष्ठावरचा कुठलाच खरा फेरा खोडला जात नाही. निळी बाजू वेगळी तपासावी लागते, ती विसरू नका. तिथे शब्द येतात क्ष⁻¹ य क्ष य क्ष आणि य⁴ क्ष य क्ष य क्ष. दुसरा पहिल्याचा घन असायला हवा होता, तो नाही. दोन्ही बाजू बंद झाल्या. पृष्ठ दाबता येत नाही, त्याची कड बाहेरच्या जागेत आकसत नाही, आणि गाठीचा जीनस १ ठरला. कडेबद्दलच्या शेवटच्या पायरीमागे १९५७ मध्ये पापाकिरियाकोपूलोस यांनी सिद्ध केलेला लूप प्रमेय उभा आहे. त्यांनी त्याच वर्षी डेनचं लेमाही सिद्ध केलं. डेन यांनी १९१० मध्ये दिलेल्या त्याच्या सिद्धतेत क्नेसर यांना १९२९ मध्ये भगदाड सापडलं होतं.

जीनस १ असल्यामुळे इथे सगळं सरळ गेलं. मोठ्या जीनसच्या पृष्ठाबद्दल मात्र सावध राहा: दाबता न येणारं पृष्ठ सगळ्यात लहान असेलच असं नाही. काही गाठींना दाबता न येणारी, तरी गरजेपेक्षा मोठी पृष्ठं असतात.

संगणकाकडे जाताना

गाठीबाहेरची जागा चतुष्फलकांत तोडली की पृष्ठ शोधणं म्हणजे पूर्णांकांची समीकरणं सोडवणं होतं. हा विचार क्नेसर यांचा. हाकेन यांनी १९६१ मध्ये त्यावरून गाठ सुटते की नाही हे ठरवणारी पहिली पूर्ण कृती दिली. प्रत्येक चतुष्फलकात पृष्ठाचे तुकडे सातच प्रकारचे असू शकतात: ४ प्रकारचे त्रिकोण आणि ३ प्रकारचे चौकोन. म्हणून प्रत्येक चतुष्फलकामागे ७ अज्ञात संख्या, आणि दोन चतुष्फलकं जिथे चिकटतात त्या प्रत्येक फलकामागे ३ समीकरणं. शिवाय एका चतुष्फलकात एकाच प्रकारचा चौकोन चालतो. दोन प्रकार आले तर ते एकमेकांना छेदतातच.

हे काम रेजिना नावाची मोफत प्रणाली करते, आणि गाठीच्या आकृतीवरून चतुष्फलकं स्नॅपपाय ही दुसरी संगणक प्रणाली तयार करून देते. नवीन माणूस इथे एका ठिकाणी अडकतो. स्नॅपपायची चतुष्फलकं आदर्श असतात, म्हणजे त्यांची टोकं गाठीवर, अनंतावर असतात. आठाच्या गाठीला अशी फक्त २ पुरतात. पण त्यांत कड असलेलं पृष्ठ टोकाभोवती अनंत वेळा गुंडाळत जातं आणि सात प्रकारांच्या नेहमीच्या यादीत सापडतच नाही. आधी रेजिनामध्ये ती टोकं छाटून खरी कड तयार करा, मग पृष्ठं शोधा. छाटल्यावर चतुष्फलकांची संख्या वाढते आणि शोधाचा वेळ त्या संख्येबरोबर भराभर चढतो, म्हणून रचना आधी शक्य तितकी लहान करून घ्या. फक्त जीनसचा आकडा हवा असेल आणि पृष्ठ नको असेल, तर स्नॅपपायमधून नॉट फ्लोअर होमोलॉजी (गाठीवरून काढलेली एक प्रगत बीजगणिती रचना) काढणं बरं. ती जीनस नेमका सांगते, हे ओझव्हाथ आणि साबो यांनी २००४ मध्ये सिद्ध केलं.

हात बसायला एक सराव. (३, −३, ब) ही रचना घ्या. पफ = −९, आणि उरलेली दोन पदं एकमेकांना खोडतात, म्हणून ब काहीही असला तरी ड = −२ आणि बहुपदी −२ट² + ५ट − २. आता ब = १ आणि ब = ३ यांची मॅट्रिक्स मांडा: पहिल्याच्या ओळी (०, −१), (−२, −१); दुसऱ्याच्या (०, −१), (−२, ०). प्रत्येक मॅट्रिक्समध्ये त्याचं परिवर्त मिळवा. पहिल्यात ०, −३, −३, −२ येतात, दुसऱ्यात ०, −३, −३, ०. दुसऱ्यातला प्रत्येक आकडा ३ ने भागला जातो, पहिल्यातला −२ जात नाही, आणि गाठीचं पृष्ठ कुठलंही निवडलं तरी हा फरक बदलत नाही. पहिली सहा क्रॉसिंगची गाठ आहे, दुसरी नऊ क्रॉसिंगची.